हिरवळीवरचे रानहंस

जानेवारी १९६२. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर शहरात हाडं गोठवणारी थंडी होती, त्यात वारं सुटलेलं. शहरातल्या सिल्व्हर लेक या तळ्याकाठी पक्षिअभ्यासकांचं एक पथक पकडलेल्या रानहंसांची वजनं करत होतं. इलिनॉय राज्याच्या निसर्ग सर्वेक्षण संस्थेतले शास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॅन्सन त्या पथकात होते. वजनं इतकी भरू लागली की काटाच बिघडला असावा, अशी सगळ्यांना शंका आली. मग किराणा दुकानातून साखरेच्या आणि पिठाच्या पिशव्या आणून त्या काट्यावर ठेवून पाहिल्या. अखेर खात्री पटली, की काट्यात दोष नव्हता, पक्षीच तेवढे मोठे होते. कॅनडा गूज या रानहंसाची जी सर्वांत थोराड उपजात नामशेष झाली असं जाणकार कित्येक वर्षं धरून चालले होते, ती एका गजबजलेल्या शहरातल्या तळ्यावर, रोज शेकडो माणसांच्या नजरेसमोर पोहत होती.

आज अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या कुणाला ही गोष्ट सांगितली, तर त्याचा चटकन विश्वास बसणार नाही. काळी मान, काळं डोकं, हनुवटीपासून गालापर्यंत पांढरा पट्टा आणि तपकिरी अंग असलेला हा पक्षी तिथे आता जवळजवळ प्रत्येक तळ्यावर, खेळाच्या मैदानावर, कंपन्यांच्या आवारातल्या हिरवळीवर दिसतो. लोक त्याच्यावर प्रेम करतात, त्याच्यावर चिडतात, त्याच्यासाठी रहदारी थांबवतात आणि त्याच्याविरुद्ध नगरपालिकेत तक्रारीही करतात. पन्नास-साठ वर्षांत 'संपलेला पक्षी' ते 'फार झालेला पक्षी' हा प्रवास कसा झाला, हे समजल्याखेरीज उद्यानांतल्या आजच्या भांडणाचा उलगडा होत नाही.

एकोणिसाव्या शतकात या हंसांची बाजारासाठी बेसुमार शिकार झाली. गवताळ प्रदेशातल्या पाणथळ जागा उपसून त्यावर शेती उभी राहिली. घरट्यांतली अंडी गोळा करून खाल्ली गेली. १९१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा करार झाला, १९१८ मध्ये अमेरिकेत त्याचा कायदा आला. पण थोराड उपजातीसाठी तोवर फार उशीर झाला, अशीच समजूत होती.

काही पक्षी मात्र माणसांच्या ताब्यात टिकून होते. त्या काळी शिकारी माणसाळलेले हंस पाळत. त्यांना तळ्याकाठी बांधून ठेवलं, की त्यांच्या हाकेला भुलून आकाशातले रानटी हंस खाली उतरत आणि बंदुकीच्या टप्प्यात येत. १९३५ मध्ये जिवंत पक्ष्यांचं असं आमिष लावण्यावर अमेरिकेत बंदी आली आणि पाळलेल्या थव्यांतले पुष्कळ पक्षी मोकळे सोडले गेले. रॉचेस्टरमध्ये मेयो क्लिनिकच्या संस्थापकांपैकी एक, डॉ. चार्ल्स मेयो यांनी आपल्या जमिनीवर हे हंस पाळले होते. पुढे क्लिनिकच्या एका कृतज्ञ रुग्णाने दिलेले बारा मोठे हंस १९४७ मध्ये सिल्व्हर लेकवर सोडण्यात आले. तळ्याकाठच्या वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्यामुळे हे तळं भर हिवाळ्यातही पूर्ण गोठत नसे. पाणी मोकळं आणि आजूबाजूच्या शेतांत मक्याचे सांडलेले दाणे भरपूर, त्यामुळे दर हिवाळ्याला थवा वाढत गेला.

हॅन्सन यांच्या शोधानंतर अनेक राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी या उपजातीचं पुनर्वसन हाती घेतलं. हंस वाढवले, गावोगावच्या तळ्यांवर नेऊन सोडले. कॅनडातही तेच झालं. व्हँकुव्हरसारख्या शहरात आज दिसणारे हंस तिथे मुळात माणसांनीच आणून वसवलेल्या पक्ष्यांचे वंशज आहेत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. हंसाला स्थलांतराची वाट उपजत ठाऊक नसते. पिल्लू पहिल्या वर्षी आईबापांबरोबर उडतं आणि वाट शिकतं. ज्यांच्या आईबापांना पिंजऱ्यात वाढवलं, त्यांना ती वाट दाखवणारं कुणी उरलं नाही. म्हणून सोडलेले हंस जिथे सोडले तिथेच राहिले, तिथेच त्यांनी घरटी केली आणि त्यांची पिल्लंही तिथलीच झाली. उत्तरेकडच्या टुंड्रा प्रदेशातून दर हिवाळ्यात येणारे आणि परत जाणारे हंस वेगळे, आणि हे बारमाही मुक्कामी हंस वेगळे. दिसायला दोघे जवळजवळ सारखे, त्यामुळे सामान्य माणसाला फरक कळत नाही. उद्यानांतली कुरबुर बहुतांशी या दुसऱ्या गटाशी आहे.

त्यांना उद्यान एवढं का आवडतं? उत्तर पायाखालीच असतं. हंसाचं मुख्य अन्न म्हणजे कोवळं गवत. खत घातलेल्या, नियमित पाणी मिळणाऱ्या आणि दर आठवड्याला कापल्या जाणाऱ्या हिरवळीला सतत नवे, मऊ, प्रथिनांनी भरलेले कोंब फुटत राहतात. गवत आखूड असल्यामुळे चरताना मान वर केली, की चहूबाजूचं दूरपर्यंत दिसतं. कोल्हा किंवा कायोटी लपून जवळ येऊ शकत नाही. हिरवळ थेट पाण्यापर्यंत उतरत गेलेली असेल तर अजूनच छान, कारण धोका दिसताच पिल्लांना दुडूदुडू धावत पाण्यात शिरता येतं. शहरात शिकारीला मनाई असते. तळ्याच्या मध्यात शोभेसाठी बेट केलेलं असतं, तिथे घरटं सुरक्षित राहतं. थंडीत पाणी गोठू नये म्हणून कारंजं चालू ठेवलेलं असतं. उद्यानाचा आराखडा करणाऱ्यांच्या मनात माणसांची सहल होती, पण कागदावर त्यांनी आखलेली प्रत्येक रेघ हंसांच्या गरजेशी जुळत गेली.

आता तक्रारींकडे. सर्वांत मोठी तक्रार विष्ठेची. गवत पचायला कठीण असतं आणि हंसाची पचनसंस्था त्यातला थोडाच भाग वापरू शकते, म्हणून तो दिवसभर चरतो आणि दिवसभर शिटत राहतो. शंभर-दोनशे हंस उतरणाऱ्या मैदानावर मुलांना खेळायला सोडणं पालकांना नकोसं वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. विष्ठा पावसाबरोबर तळ्यात गेली, की पाण्यातली पोषकद्रव्यं वाढून शेवाळ माजतं. पोहण्याच्या काठांवर जिवाणूंचं प्रमाण वाढलं, तर ते काठ काही दिवस बंद ठेवावे लागतात. २०२१ च्या डिसेंबरपासून उत्तर अमेरिकेत एच५एन१ बर्ड फ्लूचा फैलाव झाल्यावर आणखी एक काळजी वाढली. मेलेला किंवा मान वेडीवाकडी करणारा पक्षी दिसला तर त्याला हात लावू नये, कुत्र्याला जवळ जाऊ देऊ नये आणि पालिकेला कळवावं, ही सूचना तिथल्या उद्यानांत गांभीर्याने घ्यावी लागते.

दुसरी तक्रार वसंतातल्या हल्ल्यांची. मार्च-एप्रिलमध्ये मादी घरट्यात साधारण पाच-सहा अंडी घालते आणि जवळजवळ चार आठवडे उबवते. या काळात नर थोड्या अंतरावर पहाऱ्याला उभा असतो. जोडी सहसा आयुष्यभराची असते आणि नराची राखणही तेवढीच निष्ठेची. गाडीतळाच्या कडेला, कचेरीच्या दाराजवळच्या झुडपात, अगदी दुकानासमोरच्या फुलांच्या वाफ्यात घरटं असलं, तरी त्याच्या लेखी ती त्याची हद्द असते. नुकतंच त्या देशात आलेलं एखादं मराठी कुटुंब पहिल्यांदा त्याच्या समोर सापडतं, तेव्हा घाबरगुंडी उडते. पण तो एकदम तुटून पडत नाही, आधी इशारे देतो. मान खाली घालून पुढे ताणतो, डोकं वरखाली हलवतो, फुत्कारतो, पंख पसरतो. अशा वेळी ओरडू नये, हात-काठी उगारू नये आणि पाठ फिरवून धावत सुटू नये. नजर त्याच्याकडे ठेवून, सावकाश मागे आणि बाजूला सरकत जावं. घरट्यापासून पुरेसं लांब गेलं, की तो आपणहून थांबतो.

पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर एक-दोन दिवसांतच घरटं सोडून आईमागे पाण्यावर जातात. मग जून-जुलैत मोठ्या पक्ष्यांची उड्डाणाची पिसं एकदम गळतात आणि चार-पाच आठवडे त्यांना उडताच येत नाही. ज्या महिन्यांत माणसं सर्वांत जास्त संख्येने उद्यानात येतात, नेमके तेव्हाच हे पक्षी जमिनीला खिळलेले असतात. टोरोंटो परिसरात याच दिवसांत त्यांना गोळा करून, वाहनांत घालून, लांबच्या पाणथळ जागी सोडण्याचे प्रयोग वर्षानुवर्षं झाले आहेत. काही पक्षी पिसं आल्यावर परततात, तरी उन्हाळ्यापुरता ताण हलका होतो.

खाऊ घालण्याचा प्रश्न मात्र केवळ तिकडच्या लोकांचा नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा टोरोंटोजवळच्या मिसिसागात लेकाकडे, लेकीकडे महिना-दोन महिने राहायला गेलेले आजी-आजोबा संध्याकाळी नातवंडांना घेऊन तळ्यावर जातात, तेव्हा पिशवीत उरलेली पोळी किंवा पावाचे तुकडे असतात. पाखरांना दाणे टाकणं, पितृपक्षात कावळ्याला घास ठेवणं यात वाढलेल्या मनाला ते पुण्याचंच वाटतं. त्या हेतूत काहीच वाईट नाही. पण पावात पिष्टमय पदार्थ जास्त आणि गवतातून मिळणारी पोषणद्रव्यं फार कमी. वाढत्या पिल्लाचं पोट पावाने भरलं, तर त्याला लागणारं खरं अन्न पोटात जात नाही. न खाल्लेले तुकडे पाण्यात कुजतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे हंस माणसाला भ्यायचे थांबतात, एकाच ठिकाणी दाटीने जमतात आणि दाटीत रोग पसरतो. हात रिकामा दिसला की तोच हंस लहान मुलाच्या बोटाला चोच मारतो. मग तक्रार होते आणि शिक्षा पक्ष्यांना मिळते. टोरोंटोसह अनेक शहरांनी वन्य पक्ष्यांना खाऊ घालण्यावर बंदी घातली आहे, आणि ती योग्य आहे.

मुंबईकरांना हा वाद ओळखीचा वाटेल. २०२५ च्या जुलैत शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे आदेश निघाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि दादरच्या कबुतरखान्यापाशी ऑगस्टमध्ये मोठा संघर्ष झाला. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराबद्दल डॉक्टर सांगत होते. दाणे टाकणाऱ्यांना ही श्रद्धेवरची गदा वाटत होती. दोन्ही बाजूंची कळकळ खरी होती. पण रोज पोत्यांनी दाणे पडत राहिले की कबुतरांची संख्या माणसाच्या हातून वाढते, हे निसर्गाचं साधं गणित कुठल्याच श्रद्धेने बदलत नाही.

हंसांविषयीची सर्वांत मोठी भीती १५ जानेवारी २००९ रोजी जन्मली. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेलं यूएस एअरवेजचं १५४९ क्रमांकाचं विमान काही मिनिटांतच कॅनडा हंसांच्या थव्यावर आदळलं. दोन्ही इंजिनांची ताकद गेली. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीवर उतरवलं आणि आतले सगळे १५५ जण वाचले. (आपल्याकडे २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर एका प्रवासी विमानाची धडक बसून ३९ रोहित पक्षी मेले, तेव्हा धोक्याची दुसरी बाजू दिसली.) हडसनवरच्या त्या प्रसंगानंतर न्यूयॉर्कमध्ये हंस पकडून मारण्याची मोहीम निघाली. २०१० च्या जुलैत, पिसं गळून उडता न येणारे जवळपास ४०० हंस ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमधून पहाटे उचलून नेऊन वायूने मारण्यात आले. रोज त्या तळ्यावर फिरायला येणाऱ्या लोकांना पाणी रिकामं दिसलं आणि संतापाची लाट उसळली.

या हकिगतीत एक तपशील फार महत्त्वाचा आहे. हडसनवरच्या विमानाच्या इंजिनांतून काढलेल्या पिसांचा स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. पीस वाढतं तेव्हा तिथल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांची खूण त्यात उतरते, आणि ही खूण प्रदेशाप्रमाणे बदलते. तपासणीतून निघालं, की विमानावर आदळलेले हंस न्यूयॉर्कच्या उद्यानांतले नव्हते. ते दूर उत्तरेच्या लॅब्रॅडॉर भागातून आलेले स्थलांतरित पक्षी होते. हा निष्कर्ष २००९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. विमानतळाच्या अगदी लगतच्या थव्यांचा बंदोबस्त करायलाच हवा, तिथे माणसांचे जीव टांगणीला असतात. पण एका दुर्घटनेची भरपाई म्हणून उद्यानातले शेकडो पक्षी मारणं हे विज्ञानाला धरून नव्हतं.

डेन्व्हर शहराने २०१९ मध्ये उद्यानांतले सोळाशेच्या वर हंस मारले आणि मांस गरजूंना वाटलं. तिथेही लोक रस्त्यावर आले. मारण्याच्या उपायाची खरी अडचण दयामायेपलीकडची आहे. हिरवळ तशीच, पाणी तसंच, खाऊ घालणारे हात तसेच असतील, तर रिकामी झालेली जागा शेजारच्या तळ्यांवरचे हंस भरून काढतात, आणि तीच मोहीम पुन्हा पुन्हा राबवावी लागते.

याउलट व्हर्जिनिया राज्यातल्या लेक बारक्रॉफ्ट या तळ्याकाठच्या रहिवाशांनी वेगळा मार्ग धरला आणि त्यातून 'गीझपीस' ही संस्था उभी राहिली. त्यांच्या पद्धतीचा गाभा म्हणजे अंड्यांना तेल लावणं. परवानगी घेऊन प्रशिक्षित स्वयंसेवक घरट्यापाशी जातात. एक जण उघडी छत्री धरून नराला थोपवतो, दुसरा अंडं पाण्यात टाकून बघतो. अंडं बुडालं तर आत जीव फारसा वाढलेला नसतो. तरंगलं तर गर्भ बराच वाढलेला असतो, मग ते अंडं तसंच परत ठेवायचं, हा नियम. बुडालेल्या अंड्यावर मक्याचं तेल चोळलं की कवचाची सूक्ष्म छिद्रं बंद होतात आणि पुढची वाढ थांबते. अंडी उचलून नेली तर मादी पुन्हा घालते. तेल लावलेली अंडी मात्र ती उबवत बसते आणि हंगाम सरतो.

याचा पुढचा परिणाम अधिक मोलाचा. पिल्लं नसलेल्या जोड्यांना जूनमध्ये त्याच तळ्यावर राहण्याचं कारण उरत नाही. पिसं गळायच्या आधी त्या उत्तरेकडे, माणसांपासून लांबच्या पाणथळ प्रदेशात निघून जातात. ज्या रेंगाळतात, त्यांच्यामागे प्रशिक्षित बॉर्डर कोली कुत्रा सोडतात. तो चावत नाही. अंग खाली दाबून, रोखून बघत पुढे सरकतो. हंसांना त्यात शिकारी दिसतो आणि ती जागा सुरक्षित नाही हे त्यांच्या मनात ठसतं. विणीच्या आणि पिसं गळण्याच्या काळात मात्र कुत्रा वापरायचा नसतो. हे सगळं चिकाटीचं काम आहे. हंस वीस वर्षांहून जास्त जगू शकतो, त्यामुळे एका हंगामात थवा कमी होत नाही. परिसरातली बहुतेक घरटी वर्षानुवर्षं शोधावी लागतात.

जागाच बदलणं हा सर्वांत टिकाऊ उपाय. तळ्याच्या काठाने काही मीटर रुंदीचा उंच देशी गवतांचा आणि झुडपांचा पट्टा वाढू दिला, की हंसांना पाणी आणि चरण्याची जागा यांच्यामध्ये आडोसा दिसतो. त्यात कुणी दबा धरून बसलं असेल, या भीतीने ते पिल्लांना घेऊन तिथून जात नाहीत. तेच गवत पावसाचं पाणी गाळतं, काठाची माती धरून ठेवतं, फुलपाखरांना आणि छोट्या पक्ष्यांना आसरा देतं. नागरिकांना सुरुवातीला ते अस्ताव्यस्त वाटतं, 'पालिकेने गवतच कापलं नाही' असं ते म्हणतात. तिथे एक फलक लावला आणि पायवाट नीट आखली, तर लोकांना त्यामागचा हेतू समजतो.

हंसांची गोष्ट एकट्या हंसांची नाही. मॅसॅच्युसेट्समधून रानटी टर्की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पूर्ण नाहीसा झाला होता. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून आणलेले ३७ पक्षी तिथल्या जंगलात सोडले आणि आज त्यांची संख्या हजारोंत आहे. बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइनसारख्या वस्तीत ते पदपथावरून ऐटीत चालतात, मोटारीच्या चकचकीत पत्र्यात दिसणाऱ्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतात आणि घाबरणाऱ्या माणसाचा पाठलाग करतात. टर्कीच्या कळपात वर-खाली दर्जाची उतरंड असते. माणूस बिचकला की ते त्याला खालच्या पायरीवरचा समजतात. म्हणून राज्याच्या वन्यजीव खात्याचा सल्ला हंसांबाबतच्या सल्ल्याच्या नेमका उलट आहे: मागे हटू नका, ठाम उभे राहा, मोठ्याने आवाज करा, पाण्याचा फवारा मारा, चमकणाऱ्या वस्तू झाका. शिकागो आणि टोरोंटोच्या सरोवरकाठी जूनमध्ये लाल खांद्याचा काळा ब्लॅकबर्ड धावणाऱ्यांच्या डोक्यावर झेपावतो. तिथे टोपी घालून, न थांबता पुढे निघून जाणं एवढंच पुरतं. काही आठवड्यांत पिल्लं उडाली की झेपावणं थांबतं. प्रत्येक पक्ष्याचं वागणं वेगळं, म्हणून शेजाऱ्याची रीत समजून घ्यायला पर्याय नाही.

काही शहरांनी या समजुतीला व्यवस्थेचं रूप दिलं आहे. व्हँकुव्हरमध्ये हंस आता उंच इमारतींच्या छपरांवर आणि सज्जातल्या कुंड्यांमध्येही घरटी करतात. तिथलं उद्यान मंडळ नागरिकांना आवाहन करतं की आपल्या आवारात घरटं दिसलं तर वेळेवर कळवा, म्हणजे प्रशिक्षित माणसं येऊन अंड्यांची वाढ थांबवतील. मग पिल्लांवर उंचावरून उड्या मारण्याची वेळ येणार नाही. ऑन्टॅरिओतल्या वॉटर्लू विद्यापीठात दर वसंतात आवारातल्या हंसांच्या घरट्यांचा नकाशा प्रसिद्ध होतो. कुणाला नवं घरटं दिसलं की ते कळवायचं आणि त्याची जागा नकाशावर चढते. परीक्षेला निघालेला विद्यार्थी तो नकाशा उघडतो, ग्रंथालयाच्या दाराशी घरटं आहे का ते पाहतो आणि असेल तर दुसऱ्या दाराने आत जातो.